अंतराच्या पलीकडचं उत्तर

यलोनाइफच्या, म्हणजे कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाच्या राजधानीतल्या विधानसभेत अर्थसंकल्पाची पानं मोठ्याने वाचली जातात. अख्खं सभागृहच समिती म्हणून बसतं, समितीचे अध्यक्ष पान उघडतात, खात्याचं नाव, शीर्षक, वर्ष आणि रक्कम वाचतात आणि विचारतात, ‘समितीला मान्य?’ गोल मांडलेल्या बाकांवरून ‘मान्य’ असा आवाज येतो आणि पान उलटतं. मंत्र्यांच्या बाजूला खात्याचे सचिव आणि वित्त विभागाचे अधिकारी बसलेले असतात. त्यांना आत आणायचीही एक रीत आहे. मंत्र्यांनी साक्षीदार आणायची परवानगी मागायची, अध्यक्षांनी द्यायची आणि सभागृहाची शिस्त सांभाळणाऱ्या सार्जंट-ॲट-आर्म्सने त्यांना सभागृहात घेऊन यायचं. कुणा सदस्याला काही विचारायचं असेल तर ते पान समोर असतानाच विचारायचं. एकदा ‘मान्य’ म्हटलं की ते पान गेलं.

मला हे बघायला आवडतं. मी नागपूरची. हिवाळी अधिवेशन आलं की मोर्चे, अडवलेले रस्ते आणि पांढऱ्या गाड्यांचे ताफे दिसायचे, पण आत पैशांबद्दल नेमकं कोण काय बोललं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळींत यायचं. इथे, कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये आल्यावर एका कंत्राटदाराकडे हिशेबाचं काम धरलं. सरकारी कामांची बिलं रोज हातात यायला लागली, आणि त्या बिलांतले आकडे जिथे मंजूर होतात ती जागा फ्रेम लेकच्या काठावर, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे हे कळलं. गॅलरीत कुणीही जाऊन बसू शकतं. तेव्हापासून सवय लागली ती लागलीच.

ज्यांना हा प्रदेश माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. क्षेत्रफळ साधारण १३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. माणसं सुमारे ४५,०००. गावं ३३, आणि निम्मी वस्ती एकट्या यलोनाइफमध्ये. अधिकृत भाषा ११, त्यांतल्या ९ मूळ रहिवाशांच्या. विधानसभेत १९ सदस्य, आणि पक्ष एकही नाही. प्रत्येक जण अपक्ष म्हणून निवडून येतो. मग हे १९ जण आपल्यातूनच सभापती, प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) आणि सहा मंत्री निवडतात. उरलेले ११ जण ‘नियमित सदस्य’. बेरीज करून बघा: मंत्रिमंडळात सात, समोर अकरा. बहुमत कायम प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला. मंत्र्याला पाठीशी घालणारा पक्षच नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये सभागृहाने ठराव करून एका मंत्र्याला मंत्रिमंडळातून काढलं होतं, तेही प्रचंड बहुमताने.

अशा सभागृहात खर्चाबद्दल उत्तर द्यायला उभा राहिलेला मंत्री एकटा असतो. आणि त्याच्याजवळ एक उत्तर असतं जे नेहमीच खरं असतं: अंतर.

पूल महाग का झाला? अंतर. शाळेचं छप्पर दोन वर्षं का रखडलं? सामान वेळेत पोचलं नाही. नर्स का मिळत नाही? इतक्या लांब कोण येणार. वीज महाग का? लोकसंख्या कमी, गावं विखुरलेली, डिझेल आणावं लागतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी रोज बिलं बघते म्हणून सांगते, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचं बिल काढलं तर एक ओळ फर्नेसची आणि तिच्याखाली एक ओळ वाहतुकीची. गाव जितकं उत्तरेला तितकी खालची ओळ वरच्या ओळीला गाठायला लागते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून रस्ता तयार होतो तेव्हा पाठवलं तर एक भाव, उन्हाळ्यात मॅकेन्झी नदीतून बार्जने, म्हणजे मालवाहू सपाट बोटीने, पाठवलं तर दुसरा आणि दोन्ही मुहूर्त चुकले तर विमान. विमानाचा भाव बघून माझा हात अजूनही कीबोर्डवर थबकतो.

म्हणूनच इथे भांडवली कामांचा अर्थसंकल्प शरद ऋतूतच मंजूर करून घेतात आणि रोजच्या खर्चाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. निविदा लवकर निघाल्या, तर सामान हिवाळी रस्त्यावरून किंवा पुढच्या बार्जवरून जातं. कागदावर कोरडी वाटणारी ही व्यवस्था म्हणजे या मुलखाचं सगळं भूगोलज्ञान आहे. एका मंजुरीला महिनाभर उशीर झाला तर काम एक महिना नाही, एक वर्ष मागे पडतं.

तर अंतर खरं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की जे कारण प्रत्येक प्रश्नाला लागू पडतं, ते कुठल्याच प्रश्नाचं पुरतं उत्तर होऊ शकत नाही. चांगला सदस्य अंतर मान्य करतो आणि त्याच्या पुढचं विचारतो. अंतर तर मागच्या वर्षीही तेवढंच होतं, मग या वर्षी आकडा का बदलला?

२०१४ चं वर्ष या बाबतीत मला फार शिकवून गेलं. त्या उन्हाळ्यात पाऊस पडला नाही आणि जंगलं पेटली. सुमारे ३४ लाख हेक्टर जळालं. वणवे विझवायला अर्थसंकल्पात धरले होते साधारण ७५ लाख डॉलर. खर्च झाला साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास. त्याच दुष्काळाने दुसरीकडून मार दिला: यलोनाइफ आणि बेचोकोला वीज देणाऱ्या स्नेअर नदीवरच्या जलविद्युत केंद्रांना पाणी पुरेना. मग जॅकफिशचं डिझेल केंद्र धडधडायला लागलं. डिझेलचा सगळा खर्च ग्राहकांच्या बिलात चढला असता, म्हणून सरकारने वीज महामंडळाला दोन कोटी डॉलर दिले. दुष्काळ पुढेही रेंगाळला आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा खिशात हात घालावा लागला.

या दोन्ही खर्चांची उत्तरं एकाच माणसाकडे होती. मायकल मिल्टनबर्गर हे त्या वेळी वित्तमंत्री होते, वणव्यांचं खातं ज्यात येतं त्या पर्यावरण आणि नैसर्गिक संपत्ती विभागाचे मंत्रीही तेच होते आणि वीज महामंडळही त्यांच्याच अखत्यारीत होतं. १९९५ पासून फोर्ट स्मिथकडून निवडून येणारा अनुभवी माणूस. पैसे मागणारं खातं त्यांचं आणि देणारं खातंही त्यांचंच. इतक्या छोट्या सरकारात असं होतं, त्यात काही काळंबेरं नाही. पण त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्यावरची जबाबदारी दुप्पट होते, कारण एरवी दोन मंत्र्यांमध्ये जी खडाजंगी होऊन आकडा घासून निघतो ती इथे एकाच डोक्यात होते.

पाऊस पडला नाही, वीज पडली, आग लागली, माणसं वाचवायची होती म्हणून विमानं उडवली, हे उत्तर योग्यच होतं. त्या उन्हाळ्यात पैसे मोजत बसणं हाच गुन्हा ठरला असता. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या मागचा प्रश्न. दर वर्षी ७५ लाखच का धरायचे? जंगल पेटणं हा इथे अपवाद नाही. कमी रक्कम धरली की अर्थसंकल्प फेब्रुवारीत देखणा दिसतो आणि उरलेला खर्च पुरवणी मागण्यांमधून येतो, जेव्हा नाही म्हणायची कुणाची टाप नसते. आपल्याकडच्या पुरवणी मागण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. निसर्गाचा तडाखा अचानक असतो. तो कधीतरी बसणार हे मात्र आधीपासून माहीत असतं, आणि अर्थसंकल्प म्हणजे माहीत असलेल्या गोष्टींची तजवीज.

पुढे २०२३ साल आलं. ४० लाखांहून जास्त हेक्टर जळालं, एंटरप्राइज हे छोटं गाव जवळपास सगळं गेलं आणि १६ ऑगस्टला अख्ख्या यलोनाइफला शहर सोडायचा आदेश आला. सुमारे २०,००० माणसं, बहुतेक एकाच रस्त्याने दक्षिणेला निघालेली. धुरात पुढच्या गाडीचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. विधानसभेची निवडणूकही ऑक्टोबरवरून १४ नोव्हेंबरवर ढकलावी लागली. त्यानंतरच्या प्रत्येक अधिवेशनात त्या उन्हाळ्याचा हिशेब कुठल्या ना कुठल्या रूपात निघत राहिला.

पण अंतरामागे काय दडू शकतं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण मॅकेन्झीवरचा डेह चो पूल. त्याआधी नदी उन्हाळ्यात फेरीने आणि हिवाळ्यात बर्फावरून ओलांडायची. मधल्या दिवसांत बर्फ धड जमत नाही, धड फुटत नाही, आणि यलोनाइफचा दक्षिणेशी असलेला रस्ता बंद. दुकानांतून दूध-भाजी विमानाने यायची. पूल हवा होता यात शंका नाही. फोर्ट प्रॉव्हिडन्स गावातल्या संस्थांच्या पुढाकारातून कंपनी उभी राहिली, सरकारशी करार झाला, २००७ मध्ये साडेसोळा कोटी डॉलरच्या आसपासचा आकडा ठरला. काम सुरू झालं तेव्हा पुलाचा आराखडा पुरता पक्का नव्हता. वरचा सांगाडा नव्याने आखावा लागला, कंत्राटदार बदलला आणि २०१० मध्ये सरकारने सगळा प्रकल्पच अंगावर घेतला. ३० नोव्हेंबर २०१२ ला पूल खुला झाला तेव्हा खर्च २० कोटींच्या वर गेला होता.

इथे अंतराचा दोष फारसा नव्हता. नदी १ किलोमीटर रुंद आहे हे करार करतानाही माहीत होतं. जोखीम कुणाची, आराखडा कधी पक्का करायचा, हमी कुणी द्यायची हे कागदावरचे निर्णय होते, ते उबदार खोल्यांत बसून घेतलेले होते. कॅनडाचे महालेखापरीक्षक टेरिटरीजचेही लेखापरीक्षण करतात. त्यांनी २०११ मध्ये या पुलावर स्वतंत्र अहवाल दिला. तो वाचताना मला जाणवलं की त्यातले बरेचसे प्रश्न सभागृहातल्या सदस्यांनी आधीच विचारले होते. उत्तरंही मिळाली होती. फक्त त्या उत्तरांच्या मागे कुणी शेवटपर्यंत गेलं नव्हतं.

मंत्री उभा राहून म्हणतो, ‘हा तपशील आत्ता माझ्याजवळ नाही, मी तो सदस्यांना आणून देईन.’ मला हे वाक्य आवडतं. ज्याला माहीत नाही त्याने तसं सांगणं हा प्रामाणिकपणा आहे, आणि चुकीचा आकडा ठोकून देण्यापेक्षा हजार पटींनी बरं. कामकाजाच्या यादीत याची सोयही आहे: तोंडी प्रश्नांना नंतर दिलेली उत्तरं, लेखी प्रश्नांची उत्तरं, पटलावर ठेवलेली कागदपत्रं, यांच्यासाठी रोज वेगळी जागा असते. पण त्या जागेवर पुष्कळदा ‘काही नाही’ म्हणून पुढे जातात. आणून देईन म्हटलेलं उत्तर अनेकदा सदस्याच्या कार्यालयात पत्राने जातं. सदस्याला कळतं, त्याच्या गावात दोन माणसांना कळतं, बाकीच्यांसाठी प्रश्न हवेतच राहतो. कुणी कधी काय आणून देण्याचं कबूल केलं आणि ते आलं का, याची एक साधी यादी विधानसभेने दर अधिवेशनाच्या शेवटी छापावी. हिशेबाच्या कामात येणं-देणं लिहून ठेवतात तेवढंच. याहून मोठी सुधारणा मला सुचत नाही आणि याहून स्वस्त तर नाहीच नाही.

पक्ष नसण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथल्या लोकांना सहमतीच्या कारभाराचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मूळ रहिवाशांच्या, एकत्र बसून ठरवायच्या पद्धतीचा धागा त्यात आहे. पण सहमती घडते कुठे? अर्थसंकल्प सभागृहात यायच्या आधी नियमित सदस्यांच्या समित्या तो बघतात आणि त्यातला बराच भाग बंद दाराआड होतो. खरी ओढाताण तिथे होते. मग मंत्रिमंडळ थोडं वाढवून देतं, सदस्य थोडं सोडतात आणि सभागृहात आपल्याला ऐकू येतं ते ‘मान्य’. कॅरोलाइन वॉझोनेक २०१९ पासून वित्तमंत्री आहेत. पेशाने वकील, फौजदारी खटल्यांत बचावपक्ष लढवलेल्या, आणि उत्तर देताना मुद्द्याला धरून असतात. त्यांनी २०२४ मध्ये खर्चाला आवर घालायचं धोरण मांडलं तेव्हा कुठे कात्री लावायची यावर सदस्यांशी झालेली बातचीत शब्दशः वाचायला मिळाली असती तर लोकांना फार काही कळलं असतं. एखादी गोष्ट का सोडली हे कळणं, काय मिळालं हे कळण्याइतकंच माझ्या दृष्टीने गरजेचं आहे.

प्रश्नांचा आकार मात्र इथे मला मनापासून भावतो. एका आमदारामागे इथे अडीच हजारांच्या आतबाहेर माणसं. त्यामुळे प्रश्न ‘गृहनिर्माणाची स्थिती काय’ असा येत नाही. तो येतो: आमच्या गावातलं सरकारी घर खिडक्यांना फळ्या ठोकून दोन हिवाळे बंद आहे, त्याच्या दुरुस्तीचे पैसे या पानावर आहेत का? किंवा वैद्यकीय प्रवासाचा. छोट्या गावातल्या पेशंटला यलोनाइफला आणतात आणि तिथेही नाही जमलं तर अल्बर्टा प्रांतात एडमंटनला. सोबत माणूस न्यायचा खर्च कुणाला मिळणार याचे नियम आहेत. एखादी आजी आयुष्यभर त्लिचो या मूळ रहिवाशांच्या भाषेत बोललेली. तिला लाखोंच्या वस्तीच्या शहरातल्या हॉस्पिटलात एकटी पाठवायची, की नातीला सोबत द्यायची? अर्थसंकल्पाच्या पानावर ती एक ओळ आहे. सदस्य जेव्हा उभा राहून ती आजीच विचारात घेऊन प्रश्न करतो, तेव्हा मंत्र्याला सरासरीच्या आड जाता येत नाही. प्रश्न तिच्या भाषेतही विचारता येतो. दुभाषे काचेच्या खोल्यांत बसलेले असतात आणि सदस्य भरभर बोलायला लागले की सभापती त्यांना जरा सावकाश बोलायला सांगतात. आकडे सावकाश बोलले जातात याचा एक फायदा असा की ते ऐकूही येतात.

पैसा मुळात कुठून येतो हेही या सगळ्याच्या पाठीशी असतंच. टेरिटरीच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांशाच्या आसपासचा भाग ओटावाच्या केंद्र सरकारकडून सूत्राने ठरलेल्या अनुदानातून येतो. देशात इतरत्र मिळतात तशा सेवा तशाच करांत इथेही देता याव्यात, हा त्याचा हेतू. कर्ज किती काढायचं याची कमाल मर्यादाही ओटावाच ठरवतं. काही जण म्हणतात, बहुतेक पैसा बाहेरचा, मग इतकी काटेकोर चौकशी कशाला? मला हे अजिबात पटत नाही. सूत्रात लोकसंख्या धरलेली असते. माणसं सोडून गेली की अनुदानही आटतं. आणि १ एप्रिल २०१४ पासून जमीन आणि खनिजांचा कारभार इथल्या सरकारकडे आला, रॉयल्टीतला वाटा मिळायला लागला, त्यातला काही भाग मूळ रहिवाशांच्या सरकारांना जातो. ते पैसे या जमिनीतून निघालेले आहेत.

ती जमीन आता कमी द्यायला लागली आहे. १९९८ मध्ये एकाटीची हिऱ्यांची खाण सुरू झाली, २००३ मध्ये डायविक, २०१६ मध्ये गाचो कुए. माझ्या कामातले निम्मे धागे या ना त्या रीतीने खाणींपर्यंत पोचायचे. डायविकचं उत्पादन २०२६ मध्ये संपणार हे कंपनीने आधीच जाहीर केलं होतं. खाणीत काम करणारा माणूस दुसरीकडे गेला तर त्याच्याबरोबर त्याचा कर जातो, त्याच्या मुलांची शाळेतली जागा रिकामी होते आणि सूत्रातलं एक डोकं कमी होतं. त्यात नदीचा प्रश्न: दिवाळं निघालेल्या कंपनीकडून सरकारने २०१६ मध्ये बार्ज वाहतूक विकत घेतली, आणि मॅकेन्झीचं पाणी इतकं खाली गेलं की २०२४ मध्ये नॉर्मन वेल्ससारख्या ठिकाणी जाणारे बार्ज रद्द करावे लागले. सामान आणि इंधन विमानाने. ते बिल कुठल्या पानावर येतं हे मी शोधून बघितलं. एका पानावर नाहीच येत; वाहतुकीत थोडं, विजेत थोडं, घरांत थोडं, आणि लोकांच्या किराण्यात बरंच.

येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी कुणीतरी ते सगळे तुकडे एकत्र मागावेत. पाणी कमी असण्याची किंमत एका वर्षात सगळ्या खात्यांना मिळून किती पडली, आणि पुढच्या वर्षासाठी त्यातले किती आधीच धरले आहेत? वणव्यांसाठी धरलेली रक्कम मागच्या दहा वर्षांच्या खर्चाकडे बघून ठरवली आहे का? डायविकनंतरच्या पहिल्या वर्षात किती माणसं कमी होतील असं वित्त खात्याने गृहीत धरलं आहे? मंत्री अंतराबद्दल बोलतील, ते ऐकून घ्यावं, कारण ते खरं आहे. मग पुरवणी प्रश्न विचारावा. आकडा आत्ता जवळ नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत पटलावर येईल, ते सभागृहात सगळ्यांसमोर सांगायला लावावं.